फुटलेलं सोलर पॅनल: दुरुस्त करायचं की बदलायचं?

काच फुटलेलं सोलर पॅनल दुरुस्त होत नाही, आणि काच शाबूत असलेलं पॅनल मीटर लावल्याशिवाय बदलू नये. निम्मा निर्णय एवढ्यातच होतो. प्रत्यक्षात मात्र नेमकं उलट घडतं. काच तडकलेली असते, तरी ‘युनिट तर पडतायत की’ म्हणून ते पॅनल दोन पावसाळे तसंच छतावर राहतं; आणि जंक्शन बॉक्समधला (पॅनलच्या पाठीवरची वायरींची डबी) पन्नास-शंभर रुपयांचा डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा छोटा भाग) गेला म्हणून धडधाकट पॅनल भंगारात जातं.

पुढचं सगळं घराच्या छतावरच्या ऑनग्रिड (वीज कंपनीच्या लाइनला जोडलेल्या) सोलरला आणि शेतातल्या सौर पंपाला धरून आहे. उदाहरणाला 540 वॅटचं मोनो पर्क हाफ-कट पॅनल (सेल, म्हणजे वीज बनवणाऱ्या चकत्या, अर्ध्या कापून जोडलेलं) घेतलंय, कारण गेल्या काही वर्षांत त्याच प्रकारची पॅनलं सर्रास बसली आहेत. त्याच्या मागच्या लेबलवर साधारण असे आकडे सापडतील: ओपन सर्किट व्होल्टेज (टोकांना काहीच न जोडता मिळणारं) 49.5, शॉर्ट सर्किट करंट (दोन्ही टोकं एकमेकांना जोडल्यावर वाहणारा) 13.85 अँपिअर, प्रत्यक्ष काम करतानाचं व्होल्टेज 41.6 आणि करंट 13 अँपिअरच्या आसपास. तुमच्याकडे जुनं 335 वॅटचं पॉली असेल तर 46 व्होल्ट आणि 9.3 अँपिअरच्या जवळपास. कंपनीगणिक आकडे थोडे हलतात, म्हणून आपल्या लेबलचा फोटो काढून खिशात ठेवा.

हात लावण्याआधी

फुटलेलं पॅनलसुद्धा उन्हात वीज बनवतच असतं, ते ‘बंद’ करता येत नाही. 540 वॅटची दहा पॅनलं एका स्ट्रिंगमध्ये (एकामागोमाग एक जोडलेल्या रांगेत) असतील तर टोकांना पाचशेच्या घरात डीसी व्होल्टेज असतं. काच फुटून आत पाणी गेलं असेल तर हे व्होल्टेज अॅल्युमिनियमच्या फ्रेमवर उतरू शकतं. म्हणून पाऊस चालू असताना किंवा पॅनल ओलं असताना फ्रेमला, स्ट्रक्चरला हात लावायचा नाही. गारपीट झाल्याझाल्या छतावर धावणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं.

क्रम असा. आधी एसी बाजूचा एमसीबी पाडा, म्हणजे इन्व्हर्टर (पॅनलच्या डीसीची एसी करणारं यंत्र) थांबेल. मग डीसी आयसोलेटर (पॅनलकडून येणारी वीज तोडणारा स्विच) बंद करा. मग डीसी क्लॅम्प मीटर (वायरभोवती अडकवून करंट मोजणारा) स्ट्रिंगच्या वायरवर लावून करंट शून्य आहे याची खात्री करा. त्यानंतरच एमसीफोर कनेक्टर (पॅनलच्या वायरींची नर-मादी जोडणी) सोडवायचा. करंट वाहत असताना कनेक्टर ओढला तर ठिणगी पडून थांबत नाही. डीसीचा आर्क एसीसारखा आपोआप विझत नाही, तो कनेक्टर वितळवतो आणि हातही भाजतो. डीसी आयसोलेटर बंद करूनही क्लॅम्प मीटरवर करंट दिसत असेल तर कुठेतरी अर्थ फॉल्ट (वीज जमिनीकडे गळणं) असू शकतो. तिथेच थांबा, कनेक्टर सोडू नका आणि जाणकार तंत्रज्ञाला बोलवा.

सामान म्हणून 1000 व्होल्ट डीसीचा मल्टिमीटर, डीसी करंट मोजणारा क्लॅम्प मीटर (साधा क्लॅम्प मीटर फक्त एसी मोजतो, घेताना बघून घ्या), एमसीफोरचे पाने, इन्सुलेटेड हातमोजे, जाड ताडपत्री आणि जमल्यास मेगर (इन्सुलेशन तपासणारं मीटर) लागेल. ज्याने आयुष्यात कधी डीसीवर काम केलेलं नाही त्याने बघणं, फोटो काढणं आणि इन्व्हर्टरवरचे आकडे टिपणं एवढंच करावं. ते काही कमी उपयोगाचं नाही.

काच काय सांगते

बॅकशीटवाल्या (पाठीला प्लास्टिकचा थर असलेल्या) पॅनलची पुढची काच बहुधा 3.2 मिलिमीटरची टेम्पर्ड, म्हणजे तापवून कडक केलेली असते. ती तडकली की अर्धवट तडकत नाही. क्षणात सगळ्या पॅनलभर बारीक तुकड्यांचं जाळं होतं, फक्त खालच्या चिकट थरामुळे तुकडे जागेवर राहतात. दोन्हीकडे काच असलेल्या बायफेशियल पॅनलमध्ये मात्र काच 2 मिलिमीटरची आणि कमी कडक केलेली असते. तिथे जाळं होत नाही, एखादीच लांब वाकडी रेघ दिसते. ‘एवढीशी तर रेघ आहे’ असं वाटतं ते याच पॅनलांच्या बाबतीत. रेघ एक असली तरी पाण्याला वाट मिळाली, हिशेब तोच. बायफेशियल असेल तर खाली वाकून मागची काचही बघा. ती फुटलेली वरून दिसत नाही.

तडा कुठून सुरू झाला ते जवळ जाऊन शोधा, कारण भरपाई कोणाकडे मागायची ते त्यावर ठरतं. गार, दगड, पतंगबाजीतली वीट, दिवाळीचा रॉकेट, कोकणात नारळ किंवा माकडाने टाकलेली वस्तू: या सगळ्यांत एका जागी मार बसल्याची खूण असते, तिथे काचेचा चुरा झालेला असतो आणि तडे तिथून चहूकडे जातात. तडा पॅनलला स्ट्रक्चरवर धरणाऱ्या क्लॅम्पच्या खालून निघाला असेल तर बसवणाऱ्याचा दोष: क्लॅम्प जास्त आवळलाय, चुकीच्या जागी लावलाय किंवा फ्रेम पिळली गेली आहे. तडा एका काळपट पडलेल्या सेलवरून निघाला असेल तर तो सेल तापून काच गेली. हा पॅनलचा अंगभूत दोष किंवा कायमच्या सावलीचा परिणाम. बाहेरच्या माराची वॉरंटी कंपनी देत नाही, तो विम्याचा विषय. बाकीच्या दोन्हींत फोटो हाच तुमचा पुरावा.

गारांबद्दल एक गोष्ट. पॅनलांची जी आंतरराष्ट्रीय चाचणी असते तिच्यात 25 मिलिमीटर व्यासाचा बर्फाचा गोळा सेकंदाला 23 मीटर वेगाने मारतात. म्हणजे मोठ्या बोराएवढी गार पॅनलने सोसली पाहिजे. मराठवाडा-विदर्भात फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये लिंबाएवढ्या गारा पडतात, तेव्हा काच शाबूत राहिली तरी आतल्या सेलना केसासारख्या भेगा पडलेल्या असू शकतात. त्या डोळ्यांना दिसत नाहीत. काही महिन्यांनी सेलवर गोगलगाय फिरल्यासारख्या करड्या रेघा उमटतात, त्या या भेगांच्याच. अशा पॅनलला लगेच काढायची गरज नाही, पण त्याचा क्रमांक टिपून ठेवा आणि दर सहा महिन्यांनी करंट मोजा.

फुटकं पॅनल वीज देतंय, मग बदलायचं कशाला?

कारण वीज किती देतंय हा प्रश्नच नाही. फुटलेल्या पॅनलचं व्होल्टेज पहिल्या दिवशी लेबलप्रमाणे भरतं, करंटही जेमतेम कमी येतो. पुढे पावसाळ्यात तड्यांतून ओल आत जाते, सेल जोडणाऱ्या पट्ट्या गंजतात, आतला पारदर्शक थर सुटायला लागतो. मग सकाळी दव किंवा पाऊस असताना इन्व्हर्टर इन्सुलेशन फॉल्ट दाखवून सुरूच होत नाही, आणि अकराला ऊन पडलं की आपोआप चालू होतो. एका पॅनलपायी दहाही पॅनलांची सकाळ वाया जाते. हा फॉल्ट वारंवार दिसत असेल तर कुठलंतरी पॅनल किंवा वायर ओल धरून अर्थ होते आहे असं समजा.

रेझिन ओतून, पारदर्शक टेप किंवा पॉलियुरेथेन लावून काच ‘दुरुस्त’ केल्याचे व्हिडिओ भरपूर आहेत. जाळं झालेल्या काचेत हजारो फटी असतात, त्या सगळ्या भरत नाहीत; आत आधीच गेलेली ओल वरून कोंडली जाते; आणि साधं इपॉक्सी उन्हात वर्षभरात पिवळं पडतं. पाचशे व्होल्टच्या स्ट्रिंगमध्ये हे करूच नका. अपवाद एकच: 12 व्होल्ट बॅटरीला जोडलेलं एकटं 50-100 वॅटचं पॅनल, गोठ्यातल्या दिव्याला किंवा झटका मशीनला. तिथे व्होल्टेज 22च्या आसपासच असतं. काच कडकडीत उन्हात दोन दिवस वाळवून, बाहेर वापरायचं पारदर्शक पॉलियुरेथेन दोन हात लावलं तर एखादा हंगाम निघतो. लाकडी किंवा गवताच्या छतावर तेही नको.

काच शाबूत आहे पण वीज कमी

पहिलं काम धुणं. हसू नका, बोअरच्या क्षाराच्या पाण्याने धुऊन धुऊन काचेवर बसलेला पांढरा थर आणि खालच्या कडेला साचलेली मातीची पट्टी यांनी भल्याभल्यांना नवीन पॅनल घ्यायला लावलंय. सकाळी काच थंड असताना धुवा. भर दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी मारलं तर काच तडकू शकते.

मग व्होल्टेज. पॅनल स्ट्रिंगमधून सुटं करून मीटर लावा, आणि लेबलशी नाही तर शेजारच्या पॅनलशी त्याच वेळी तुलना करा. लेबलचे आकडे 25 अंश सेल-तापमानाचे असतात. मार्च-एप्रिलच्या दुपारी सेल 60 अंशांवर जातो, आणि दर अंशाला व्होल्टेज साधारण 0.27 टक्क्याने उतरतं. म्हणजे 49.5 व्होल्टचं निरोगी पॅनल तेव्हा 45च्या आसपासच दाखवणार. ‘पाच व्होल्ट कमी आहेत’ म्हणून पॅनल बाद करणारे तंत्रज्ञही आहेत.

शेजारचं पॅनल 45 दाखवतंय आणि हे 30, तर बरोबर एक तृतीयांश गेलं. पॅनलच्या आत सेलचे तीन गट असतात आणि प्रत्येक गटाला एक बायपास डायोड (गट अडला तर करंट बाजूने नेणारा). एक डायोड शॉर्ट झाला की त्याचा गट गायब होतो. 15 दाखवत असेल तर दोन गेले. आकाशातली वीज जवळ कुठे कडाडून गेल्यावर असं हमखास दिसतं. शून्य येत असेल तर आधी कनेक्टर आणि वायर तपासा: खारी आणि उंदीर वायर कुरतडतात, आणि पकडीने दाबून बसवलेली एमसीफोरची पिन काही वर्षांत सैल होऊन जळते. कनेक्टर तपकिरी झालाय, वितळलाय, एवढंच असेल तर दुरुस्ती अर्ध्या तासाची. दोन्ही बाजूंचे कनेक्टर एकाच कंपनीचे घ्या आणि क्रिंपिंग टूलनेच दाबा. वेगवेगळ्या कंपन्यांचे नर-मादी एकमेकांत बसतात, पण आतला संपर्क नीट होत नाही आणि ती जागा पुन्हा तापते.

व्होल्टेज ठीक, तरी वीज कमी, तर करंट मोजा. मल्टिमीटरच्या 10 अँपिअरच्या भोकात प्रोब घालून हे करू नका, 13.85 अँपिअरला मीटरचा फ्यूज जातो. 4 चौरस मिलिमीटर सोलर वायरचा हातभर तुकडा घ्या, एका टोकाला नर आणि दुसऱ्याला मादी एमसीफोर बसवा. सुट्या केलेल्या पॅनलवर ताडपत्री टाका, ही वायर पॅनलच्या दोन टोकांना जोडा, ताडपत्री काढा, क्लॅम्प मीटर वायरवर लावून आकडा घ्या, पुन्हा ताडपत्री टाका आणि मगच वायर सोडवा. लगेच शेजारच्या पॅनलचा आकडा घ्या, मध्ये ढग आला तर दोन्ही पुन्हा. पाच टक्क्यांपर्यंतचा फरक सोडून द्या.

याच वायरवर आणखी एक चाचणी होते, जी सहसा कोणी करत नाही. डायोड शॉर्ट न होता आतून तुटला असेल तर व्होल्टेजही पूर्ण येतं आणि करंटही. तो ओळखायचा असा: करंट मोजत असताना पॅनलच्या सेलच्या सहा उभ्या रांगांपैकी कडेची एक रांग, लांबीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, पुठ्ठ्याने झाका. डायोड चांगला असेल तर करंट जवळपास तेवढाच राहतो. कोसळून शून्याकडे गेला तर त्या गटाचा डायोड तुटलाय. मग मधली एक, मग दुसऱ्या कडेची एक. तुटलेला डायोड शॉर्ट डायोडपेक्षा वाईट, कारण टाकीची किंवा झाडाची सावली पडली की त्या गटातला सेल तापून काळा पडतो.

डायोड बदलायचा तर

आधी कागद बघा. पॅनलची उत्पादन-वॉरंटी बहुधा 10 किंवा 12 वर्षांची असते आणि वीजनिर्मितीची 25 वर्षांची. वॉरंटीत असताना जंक्शन बॉक्स उघडला की दावा बुडाला. शासनाच्या ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत पाच वर्षांची दुरुस्ती हमी आणि विमा आहे. तिथे स्वतः काहीही उघडू नका. महावितरणकडे आणि पुरवठादाराकडे तक्रार नोंदवून क्रमांक घ्या. सोबत फुटलेल्या पॅनलचा, त्याच्या सिरियल नंबरचा आणि सगळ्या संचाचा फोटो ठेवा. गारपिटीनंतर गावात पंचनामे होत असतील तर पॅनलचं नुकसान त्यात लिहून घ्या, चोरी असेल तर पोलिसांत तक्रार. प्रधानमंत्री सूर्यघर योजनेतल्या घरच्या सोलरलाही पाच वर्षं देखभालीची जबाबदारी बसवणाऱ्याची आहे.

वॉरंटी संपलेली असेल तर बॉक्सचं झाकण उघडून बघा. जुन्या पॅनलांत एक मोठा बॉक्स असतो, आत तीन डायोड उघडे दिसतात. पॅनल ताडपत्रीने पूर्ण झाकून मीटरच्या डायोड मोडवर तपासा: एका दिशेने 0.2 ते 0.4 आणि उलट दिशेने काहीच नाही, हा चांगला. दोन्हीकडून शून्य म्हणजे शॉर्ट. बदलताना मूळच्याच अँपिअर आणि व्होल्टचा शॉट्की डायोड घ्या, डायोडवरच्या पट्टीची दिशा तीच ठेवा. कमी अँपिअरचा घातला तर पहिल्या सावलीला पुन्हा जातो. झाकणाचं रबर कडक झालं असेल तर तेही बदला, नाहीतर पुढच्या जूनमध्ये तुमचीच दुरुस्ती गंजेल.

नवीन हाफ-कट पॅनलांत तीन छोटे बॉक्स असतात आणि आत सिलिकॉन भरलेलं असतं. ते कोरून डायोड बदलणं शक्य आहे, पण सेलची पट्टी तुटायची भीती मोठी. इथे आमचं मत असं: एकच डायोड शॉर्ट आहे, बॉक्स तपकिरी पडलेला किंवा खूप तापलेला नाही आणि इन्व्हर्टरच्या त्या इनपुटला एकच स्ट्रिंग आहे, तर पॅनल दोन तृतीयांशावर चालू द्यावं. एकाच इनपुटला दोन स्ट्रिंग समांतर असतील तर मात्र नको, एकीचं व्होल्टेज कमी झालं की ती दुसरीलाही खाली ओढते.

मागची बाजू

बॅकशीटवर बोट फिरवा. पांढरी भुकटी लागली तर ती म्हातारी होतेय, पण लगेच धोका नाही. वरवरचा ओरखडा बॅकशीटच्या खास टेपने झाकता येतो. आरपार चीर, सेलच्या रांगांमध्ये पडलेल्या उभ्या भेगा किंवा जळून पडलेलं भोक असेल तर पॅनल काढा. पुढून दिसणारा फुगा सेलच्या मध्यावर, छोटासा, स्थिर असेल तर नजर ठेवा. तो सेलपासून फ्रेमच्या कडेपर्यंत सलग पोचला असेल तर वीज फ्रेमवर यायला रस्ता झालाय, म्हणजे बदला.

शंका असेल तर मेगर लावा. पॅनल संचातून पूर्ण सुटं करा (इन्व्हर्टर जोडलेला असताना मेगर मारला तर इन्व्हर्टर जाईल). पॅनल झाकून दोन्ही टोकं एकत्र जोडा, ती आणि फ्रेमचा उघडा धातू यांच्यामध्ये 1000 व्होल्टवर मोजा. फ्रेमवरचा रंग खरवडून प्रोब लावा, नाहीतर खोटा चांगला आकडा येतो. निकष असा की रोध मेगओहममध्ये गुणिले पॅनलचं क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये हे 40पेक्षा कमी नसावं. 540 वॅटचं पॅनल 2278 गुणिले 1134 मिलिमीटर, म्हणजे 2.58 चौरस मीटर. त्याला किमान साडेपंधरा मेगओहम हवेत. कोरडं असताना पास झालं तर पाणी फवारून पुन्हा मोजा. ओलं असताना नापास, म्हणजे नापासच.

पैशांचा हिशेब

आपल्याकडे एक किलोवॅट दिवसाला सरासरी पावणेचार ते चार युनिट देतो. 540 वॅटचं पॅनल म्हणजे वर्षाला साधारण 750 युनिट. तुमचा वाचणारा युनिट दहा रुपयांचा धरला तर 7,500 रुपये. एक तृतीयांश गेलं तर 2,500. नवीन पॅनल वॅटला 25 रुपये धरलं तर 13,500, वर 5 टक्के जीएसटी, वाहतूक, मजुरी. म्हणजे केवळ एक तृतीयांश तुटीसाठी बदलल्यास पैसे सुटायला पाच-सहा वर्षं. त्यातही 31 मार्चला नेट मीटरवर युनिट शिल्लक राहत असतील तर त्या युनिटांना दहा रुपयांचा भाव मिळत नाही, तूट आणखी हलकी. शेतपंपाचा हिशेब वेगळा: तिथे कंट्रोलरला ठरावीक डीसी व्होल्टेज लागतं. एक पॅनल कमी झालं की उन्हाळ्यात दुपारी व्होल्टेज आणखी उतरून पंप बंद पडतो, नेमका पाण्याची गरज असताना. तिथे थांबण्यात अर्थ नाही.

बदलताना

जुन्या स्ट्रिंगमध्ये नवं पॅनल घालताना करंट जुळवायचा, वॅट नाही. स्ट्रिंगमध्ये सर्वांत कमी करंटचं पॅनल बाकीच्यांना आपल्या पातळीवर आणतं. 335 वॅटच्या रांगेत 540 वॅटचं घातलं तर ते 9 अँपिअरवरच चालेल, जास्तीचे पैसे वाया. उलट 540च्या रांगेत 335 घातलं तर नऊ चांगली पॅनलं खाली येतील. नव्याचा करंट जुन्याएवढा किंवा थोडा जास्त असावा.

स्ट्रिंगच्या सगळ्या पॅनलांच्या ओपन सर्किट व्होल्टेजची बेरीज इन्व्हर्टरच्या कमाल डीसी मर्यादेखाली राहिली पाहिजे, आणि तीही थंडीतली. निफाडसारख्या ठिकाणी पारा पाच अंशांपर्यंत येतो, तेव्हा व्होल्टेज लेबलपेक्षा पाच-सहा टक्के चढतं.

मापंही बघा. 335 वॅटचं पॅनल 992 मिलिमीटर रुंद, 540चं 1134. जुन्या स्ट्रक्चरवर ते बसत नाही. फ्रेमची जाडी पूर्वी 40 असायची, आता 35 किंवा 30 मिलिमीटर असते. जुना क्लॅम्प पातळ फ्रेमला धरत नाही, आणि वादळात पॅनल उडून शेजाऱ्याच्या पत्र्यावर जातं. त्या मापाचे क्लॅम्प वेगळे मागवा. फ्रेमला नवं भोक पाडू नका, अर्थिंग दिलेल्या भोकातूनच घ्या.

तसंच पॅनल मिळत नसेल तर ते काढून उरलेली नऊ सलग जोडता येतात, फक्त नऊंचं व्होल्टेज इन्व्हर्टर सुरू व्हायच्या किमान व्होल्टेजच्या वर असलं पाहिजे. दोन समांतर स्ट्रिंग असतील तर दोन्हींतून एकेक काढावं लागेल. दुसऱ्या स्ट्रिंगमधलं निघालेलं चांगलं पॅनल सुटा भाग म्हणून जपून ठेवा, काच भिंतीकडे करून, उभं.

काढलेलं फुटकं पॅनल भंगारवाल्याला देऊ नका. 2022च्या ई-कचरा नियमांत सोलर पॅनल येतात, त्यामुळे ते विक्रेत्याला, कंपनीला किंवा नोंदणीकृत ई-कचरा केंद्राला परत द्यायचं. तोवर काचेवर टेप मारा, दोन्ही वायरींची टोकं वेगवेगळी इन्सुलेशन टेपने बंद करा आणि पॅनल पालथं सावलीत ठेवा, मुलांच्या हाताबाहेर.